आधी काटा पारखायचा

मी घरी बांधलेलं विमान तोलायचं ठरलं होतं त्या शनिवारी माझे वडील, अण्णा, पहाटे पाचलाच अंघोळ उरकून, टोपी घालून स्वयंपाकघरात येऊन बसले होते. ओहायोतला ऑक्टोबर. बाहेर गवतावर दहिवर आणि हाडात शिरणारा गारठा. "एवढ्या लवकर कशाला उठलात?" म्हटलं, तर म्हणाले, "तोलाई सकाळच्या पारी करावी. वारं पडलेलं असतं."

अण्णांना विमानातलं काही ठाऊक नाही. पण सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांनी चौतीस वर्षं तोलाईदार म्हणून काढली. हळदीची पोती, गुळाच्या ढेपा, बेदाण्याच्या पेट्या. टांगलेल्या तराजूला वारा लागला की पारडं खोटं बोलतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. आणि ज्या वस्तूला पंख आहेत तिचं वजन करताना तर हँगरचं, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं, दार बंद ठेवावंच लागतं. दारातून आलेली साधी झुळूकसुद्धा पंखाखाली शिरून काही पौंड उचलून धरते. वजन कमी दिसतं आणि आपण खूश होतो. कुठलंही मॅन्युअल न वाचता अण्णांनी ते सांगितलं होतं.

हे विमान मी नऊ वर्षं बांधत होतो. २०१४ च्या फेब्रुवारीत शेपटीच्या सुट्या भागांचं पहिलं खोकं गॅरेजमध्ये आलं. ओरेगॉन राज्यातल्या ऑरोरा गावच्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचं आरव्ही-७ए हे ते विमान: दोन माणसांचं, पूर्ण अॅल्युमिनियमचं, पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत २५ फूट. कंपनी पत्रे, सांगाड्याचे भाग आणि नकाशे देते. जोडायचं आपण. अमेरिकेत असं घरी बांधलेलं विमान रीतसर उडवता येतं, मात्र निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी, केलेलं असावं लागतं. सगळे त्याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. पोटापाण्यासाठी मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करतो, सांगलीच्या वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल केलं. राहायला डेटनजवळ. राइट बंधूंचं सायकलचं दुकान याच गावात होतं, आणि १९०३ च्या विमानाचं १२ अश्वशक्तीचं इंजिन त्यांचा मिस्त्री चार्ली टेलर याने इथंच सहा आठवड्यांत तयार केलं. या गावात गॅरेजमध्ये विमान जोडणाऱ्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही.

आपल्याकडे असं काम करणाऱ्याची वाट किती चढाची असते ते कॅप्टन अमोल यादव यांच्याकडे पाहिलं की कळतं. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं, २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. माझ्यासमोर नियमांची मळलेली वाट होती. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी बांधणाऱ्यांची संघटना, ईएए, सुरू केली. तिच्या स्थानिक शाखेतली म्हातारी माणसं आठवड्याला येऊन माझं काम तपासत होती, चुकलेलं रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा खिळा, खडूने गोल करून दाखवत होती. यादवांच्या गच्चीवर त्यांच्यासाठी असं कोण होतं, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

रिव्हेटांबद्दल फार लिहीत नाही. हजारो असतात. पत्र्याच्या एका बाजूने रिव्हेटची बंदूक ठोकते, दुसऱ्या बाजूने कुणीतरी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे आतलं टोक चपटं होऊन बसतं. शेपटीकडच्या निमुळत्या नळकांड्यात शिरून तो ठोकळा माझ्या बायकोने धरला. दोन उन्हाळे. आत तापलेला पत्रा, कानावर मफ, आणि प्रत्येक रिव्हेटनंतर तिचं "बसलं" किंवा "काढ". ती "काढ" म्हणाली की मी वाद घातला नाही. अण्णा फोनवर याला 'रिपीट' म्हणायचे. सांगलीच्या वर्कशॉपमध्ये तोच शब्द चालतो. पुढे आमच्या घरातही तोच रुळला.

इंजिनाबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण पुढचा सगळा खटाटोप त्याच्यापायी झाला.

या विमानाला बहुतेक लोक लायकमिंग कंपनीचं चार सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन लावतात. १८० अश्वशक्ती, जवळपास ५.९ लिटरचं. उत्तम, पारखलेलं इंजिन. मी लावलं माझदाचं रोटरी: आरएक्स-८ गाडीतलं, दोन रोटरचं, कागदोपत्री १.३ लिटरचं. फेलिक्स वँकेल यांची ही कल्पना. एनएसयू कंपनीने १९६४ मध्ये ती पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत घातली. तिला खरं आयुष्य दिलं ते हिरोशिमाच्या माझदाने. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांना सुरुवातीला इंजिनाच्या आतल्या भिंतीवर नखांनी ओरबाडल्यासारख्या रेघा दिसायच्या. 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' हे नाव त्यांनी दिलं होतं. ते ओरखडे घालवून १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आली, आणि १९९१ मध्ये चार रोटरच्या ७८७बी गाडीने ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. कॉलेजात असताना एका जुन्या मासिकात मी या इंजिनाचा कापून दाखवलेला फोटो पाहिला होता. तेव्हापासून ते मनातून गेलं नाही.

दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग उभी चिरली तर जशी मध्ये किंचित चिमटलेली पोकळी दिसते, तशी या इंजिनाची पोकळी. तिच्यात पोट फुगलेला एक त्रिकोण फिरतो. त्रिकोणाची तिन्ही टोकं सतत भिंतीला घासत जातात, आणि भिंत व त्रिकोण यांच्यामधली जागा वाढते, आकसते, पुन्हा वाढते. त्यातच हवा-पेट्रोल आत येतं, दाबलं जातं, पेटतं, बाहेर जातं. पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. दोन रोटर आणि एक शाफ्ट, फिरणारं एवढंच. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे तीन होतात. प्रत्येक रोटरला दोन-दोन प्लग मुळातच असतात. विमानात इग्निशनची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची, जोडी ठेवतात, ती गाडीवाल्यांनीच देऊन ठेवलेली.

पण फुकट काही मिळत नाही. हे इंजिन ताकद देतं ते सहा-सात हजार फेऱ्यांवर, आणि विमानाच्या नाकावरचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, तेवढा फिरवला तर त्याची टोकं आवाजाच्या वेगापुढे जातील. म्हणून मध्ये रिडक्शन गिअर लागतो. माझा २.८५ ला १ आहे, म्हणजे इंजिनाच्या सहा हजार फेऱ्यांना पंख्याच्या सुमारे एकवीसशे. दुसरं म्हणजे उष्णता. सायलेन्सरकडे जाणारा धूर पिस्टन इंजिनापेक्षा कितीतरी तापलेला असतो, आणि रोटर आतून तेलाने थंड होत असल्यामुळे वाया जाणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा तेलात उतरतो. पाण्याचा रेडिएटर तर हवाच, तेलाचा कूलरही जवळपास तेवढ्याच तोलाचा हवा.

२०२२ च्या एप्रिलमध्ये विमान दोराने बांधून पहिल्यांदा इंजिन लावलं. आवाज ऐकून शेजारच्या हँगरमधली माणसं बाहेर आली. सात मिनिटांत तेल ११० अंश सेल्सिअसच्या वर गेलं आणि काटा चढतच राहिला. बंद केलं. थंड होऊ दिलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तीन महिने मी मोठा कूलर शोधत फिरलो. शेवटी शाखेतल्या एका म्हाताऱ्याने उदबत्ती मागितली. भारतीय घरात ती असणारच म्हणून माझ्याकडेच मागितली. कूलरच्या तोंडापाशी ती धरून, मागून साधा पंखा लावून, त्याने मला धूर कुठं जातोय ते दाखवलं. कूलर आणि हवेच्या नळीमध्ये बोटभर फट होती. धूर कूलरच्या जाळीत शिरतच नव्हता, फटीतून निसटून जात होता. हवेला सोपी वाट मिळाली की ती अवघड वाटेने कशाला जाईल? फायबरग्लासची नवी नळी केली, तोंड हळूहळू रुंद होत जाणारी, कडेने रबर लावून हवाबंद केली. तेल नव्वदीत येऊन थांबलं. कूलर तोच राहिला.

सायलेन्सरचीही तीच गत. जमिनीवरच्या चाचण्यांतच, अकरा तासांत, पहिल्याच्या आतल्या पट्ट्या जळून सुट्या झाल्या. दुसरा जाड पत्र्याचा केला. तो सहा पौंडांनी जड झाला.

मी हे सहा पौंड लिहून ठेवले होते. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली होती. विमानात जाणारी प्रत्येक वस्तू आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर आणि पुढे मोठ्या काट्यावर ठेवायची, आकडा लिहायचा, मग बसवायची. नट-बोल्टसुद्धा मूठमूठ करून तोलले. तोलाईदाराच्या घरात वाढल्याचा हा गुण असेल. वहीची बेरीज ११४८ पौंड झाली होती. प्रत्यक्षात किती भरणार हे त्या शनिवारी कळायचं होतं. आणि रेडिएटर, कूलर, त्यांच्या नळ्या, पाणी, रिडक्शन गिअर, जाड सायलेन्सर हे सगळं नाकात होतं. नाक जड होणार याची मला धास्ती होती.

हँगरमध्ये अण्णांनी आधी विमानाला एक प्रदक्षिणा घातली. पंखाच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "काटे कुठायत?"

शाखेकडून तीन इलेक्ट्रॉनिक काटे उसने आणले होते. शर्यतीच्या गाड्या तोलायला वापरतात तसे, फरशीवर ठेवायचे चपटे. एकेका चाकाखाली एक. मी ते मांडायला घेतले तर अण्णांनी हाताने थांबवलं.

"पारखलेत का?"

"अण्णा, इलेक्ट्रॉनिक आहेत. शून्य करून घेतले."

"शून्याला काय कळतंय. रिकामा काटा कुणीबी खरा दाखवंल. आधी काटा पारखायचा, मग माल चढवायचा."

आणि चपला काढून ते स्वतःच पहिल्या काट्यावर उभे राहिले. १४१. दुसऱ्यावर उभे राहिले. १४१. तिसऱ्यावर उभे राहिले. १३५.

मी बघतच राहिलो. त्यांनी मान हलवली, काही बोलले नाहीत, फक्त बोटाने खूण केली: उलटा कर. उलटा केला तर खाली, मधोमध, प्रोसीलचा वाळलेला काळा गोळा चिकटलेला. इंधनाच्या टाक्या गळू नयेत म्हणून लावतात तो चिकट लेप, माझ्याच फरशीवर कधीतरी सांडलेला, आदल्या रात्री काटा सरकवताना खाली अडकला असणार. माणूस उभा राहिला की वरचा पत्रा वाकायचा, त्या गोळ्यावर टेकायचा आणि वजनाचा थोडा भाग काट्याच्या पायांऐवजी सरळ फरशीत उतरायचा. पटाशीने गोळा खरवडून काढला. अण्णा पुन्हा उभे राहिले. १४१.

तो काटा मी पुढच्या चाकाखाली ठेवणार होतो.

आता तोलाईची गोष्ट नीट सांगतो, कारण विमान तोलणं म्हणजे नुसतं किती भरलं ते बघणं नव्हे. वजन कुठं आहे हेही शोधावं लागतं. सगळ्या वजनाचा मध्य, म्हणजे गुरुत्वमध्य, पंखाच्या एका ठरलेल्या पट्ट्यात पडला तरच विमान हातात राहतं. फार पुढे गेला तर उतरताना नाक उचलता येत नाही. फार मागे गेला तर नाक खाली करता येत नाही, आणि ते जास्त वाईट. आरव्ही-७ मध्ये मोजमाप सुरू होतं पंखाच्या पुढच्या कडेपासून ७० इंच पुढे कल्पलेल्या एका उभ्या रेषेपासून. गुरुत्वमध्य त्या रेषेपासून ७८.७ ते ८६.८२ इंच या दरम्यान हवा. एवढी सगळी उलाढाल, आणि जागा जेमतेम आठ इंचांची.

आधी विमान सपाट करायचं. उभं असतं तेव्हा ते किंचित कललेलं असतं, आणि कललेल्या विमानाची मापं चुकतात. कॉकपिटच्या कडेच्या पट्टीवर डिजिटल लेव्हल ठेवून पुढच्या चाकातली हवा कमी-जास्त करत राहिलो. अण्णांनी आडव्या लेव्हलसाठी पारदर्शक नळी मागितली, पाणी भरलं, गवंडी धरतात तशी दोन्ही पंखांना दोन टोकं लावली. "तुझ्या डब्याचं सेल जातंय. पाण्याचं काय जातंय?" दोन्हींचं उत्तर एकच आलं आणि मला बरं वाटलं.

मग ओळंबे. पंखाच्या पुढच्या कडेवरून दोन ओळंबे सोडले, फरशीवर टोक जिथं टेकलं तिथं फुली केली, दोन फुल्यांमधून निळ्या रंगात भिजवलेलं सूत ताणून मारलं. फरशीवर पंखाच्या कडेची सावली पडावी तशी निळी रेघ उमटली. चाकांच्या आसांच्या मधोमधही ओळंबे. रेघेपासून मागची चाकं २१.५ इंच मागे, पुढचं चाक ३३.५ इंच पुढे. म्हणजे मूळ रेषेपासून ९१.५ आणि ३६.५.

एक गोष्ट मी आधीच शिकून घेतली होती. मागच्या चाकांचे पाय पोलादी पट्टीसारखे लवचिक असतात. विमान उचलून काट्यावर सोडलं की चाकं बाहेर फाकू बघतात, टायर काट्याला धरून ठेवतो आणि आडवा जोर आकड्यात घुसतो. म्हणून प्रत्येक चाकाखाली दोन अॅल्युमिनियमच्या चकत्या, मध्ये ग्रीस. चाक हवं तिथं सरकून बसतं. चकत्यांचं वजन आधी करून ठेवायचं आणि वजा करायचं. अण्णा लगेच म्हणाले, "बारदाना." पोत्याचं वजन वजा करतात तसंच.

तेल पूर्ण भरलेलं, पाणी भरलेलं, टाक्यांतलं काढता येईल तेवढं सगळं पेट्रोल काढलेलं. सीटवरची उशी, अग्निशामक, कागदपत्रांची पिशवी जागेवर. हत्यारं बाहेर. मी दोनदा आत हात घालून पाहिलं, लेकीने तिसऱ्यांदा पाहिलं आणि सीटखालून एक टॉर्च काढली. दार बंद केलं. तिघेही मागे सरलो.

पुढचं चाक ३०२. डावं ४३४. उजवं ४३०.

अण्णांच्या सांगण्यावरून विमान काट्यांवरून उतरवलं, पुन्हा चढवलं, पुन्हा तोललं. मागच्या दोन काट्यांची अदलाबदल करून आणखी एकदा. आकडे एखाद्या पौंडाने हलले, त्याहून नाही.

एकूण ११६६ पौंड. वहीपेक्षा १८ जास्त. रंग, वायरी, लेप. "किलोत सांग," अण्णा म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी खिशातून वही काढली आणि त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: ५ क्विंटल २९ किलो. मग विमानाकडे बघत म्हणाले, "साडेदहा पोती. एवढंच?" नऊ वर्षांचं काम, आणि त्यांच्या यार्डातल्या दोन हमालांनी दहा मिनिटांत गाडीत चढवलं असतं एवढा तो माल. त्यांना त्याचा अभिमान वाटला हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

मग हिशेब. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणायचं, गुणाकारांची बेरीज करायची, एकूण वजनाने भागायचं. मागची दोन चाकं मिळून ८६४ गुणिले ९१.५, पुढचं ३०२ गुणिले ३६.५. बेरीज ९०,०७९. भागिले ११६६. उत्तर ७७.२५ इंच. अण्णांना मी हे समजावायला लागलो तर ते म्हणाले, "दांडीवर वजन कुठं टांगलं त्याचा हिशोब. कळलं."

रिकामं विमान ७७.२५ वर असणं म्हणजे अनर्थ नव्हे. माणसं मागे बसतात, ९७.४८ इंचांवर, आणि मध्य मागे सरकवतात. मी एकटा बसलो, १८३ पौंडांचा, बुटांसकट, आणि दहा गॅलन पेट्रोल घेतलं, तर मध्य ८० वर येतो. चालतं. पण माझी लेक गेल्या वर्षी वैमानिक झाली आणि ती ११८ पौंडांची आहे. ती एकटी, दहा गॅलनवर: ७९.१५. मर्यादा ७८.७. नियमात बसतं. पण मध्ये राहतो अर्धा इंचही नाही. एखाद्या संध्याकाळी, थकून, पेट्रोल कमी उरलेलं असताना, आडव्या वाऱ्यात उतरणारी ती असेल. त्या अर्ध्या इंचावर मी तिला बसवणार नव्हतो.

आणि तो तिसरा काटा न पारखता ठेवला असता तर? अण्णांना तो जेवढा चुकला त्याच प्रमाणात चुकला असता, तर ३०२ च्या जागी २८९ दिसले असते आणि मध्य जवळपास अर्धा इंच मागे पडल्यासारखा वाटला असता. लेकीचा आकडाही मग समाधानकारक दिसला असता. मी सही करून मोकळा झालो असतो.

रात्री जेवताना त्यावरच बोलणं चाललं होतं. शेपटीत शिसं बांधावं का, असं मी म्हणालो. अण्णांना ते पटलं नाही. "मेलेलं वजन कशाला घालतोस? जे पुढं आहे त्यातलं काय मागं जाईल ते बघ." बॅटरी. बॅटरी आणि तिची पेटी मिळून २१ पौंड, इंजिनामागच्या भिंतीला पुढून लावलेली. ती सामानाच्या कप्प्याच्या मागे नेली तर ९६ इंच मागे जाते. त्यासाठी जाड केबल लागणार, तिचे ४ पौंड. कागदावर मांडलं: एकूण ११७०, मध्य ७९.०७. जवळजवळ दोन इंच मागे, आणि वजन वाढणार फक्त चार पौंड.

अण्णा नोव्हेंबरात परत गेले. विमानात बसायला मिळणार का, हे त्यांनी एकदाच विचारलं. मी खरं ते सांगितलं. मान्यताप्राप्त नसलेलं इंजिन असलेल्या विमानाला सहसा पहिले चाळीस तास ठरलेल्या भागातच चाचणीची उड्डाणं करावी लागतात आणि त्यात प्रवासी नेता येत नाही. "मग पुढच्या खेपेला," ते म्हणाले. मी त्यांचे १४१ पौंड धरून हिशेब करून ठेवला आहे. मी, अण्णा, ४२ गॅलनच्या भरलेल्या टाक्या, आणि १८०० च्या मर्यादेपर्यंत ५४ पौंड सामान. मध्य ८३.९६. पेट्रोल संपत आलं तरी ८४.६. मर्यादेच्या बऱ्याच आत, निर्धास्त जागा.

बॅटरी हलवायला हिवाळा गेला. कप्प्यामागच्या आडव्या भिंतीला जोड पत्रे लावले, त्यांची रिव्हेटं पुन्हा बायकोने आत शिरून धरली. केबल जिथं पत्र्यातून जाते तिथं रबरी कडी, इंजिनाकडच्या टोकाला फ्यूज. मार्चच्या एका रविवारी, वारा नव्हता, सकाळी सात वाजता दार बंद करून पुन्हा तोलाई केली. सांगलीत तेव्हा संध्याकाळ. लेकीने फोन हत्यारांच्या पेटीवर टेकवून ठेवला होता, अण्णा पडद्यावर टोपीसकट.

"काटा पारखलास?"

"हो. तिन्हींवर उभा राहिलो."

"किती?"

"एकशे त्र्याऐंशी, एकशे त्र्याऐंशी, एकशे त्र्याऐंशी."

"खालून बघितलंस?"

"बघितलं."

"मग चढव."

पुढचं २६४. डावं ४५५. उजवं ४५१. एकूण ११७०. लेक कागदावर भराभर गुणाकार करत होती. मी तिला थांबवलं नाही, मला तो आकडा तिच्या तोंडून ऐकायचा होता. "७९.०९," ती म्हणाली. मग स्वतःचं वजन आणि दहा गॅलन घालून, "८०.७४, आजोबा."

"काटापट्टी लिही," अण्णा म्हणाले, "आणि आकडे मला परत एकदा सावकाश सांग." फोनमधून पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला, आणि ती एकेक आकडा सांगू लागली.